सुंदर अक्षर, अपूर्ण उत्तर : 'व्हॅगाबॉन्ड'चं कौतुक जरा जास्तच होतंय का?



आठवी-नववीपासून पुढच्या मुलांच्या मोबाईलवर सध्या जपानी चित्रकथा भरपूर दिसतात. यांना 'मांगा' म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. त्यातही सामुराई, म्हणजे जुन्या जपानमधले योद्धे, मुलांना फार आवडतात. सामुराईंवरच्या मांगांमध्ये सर्वांत जास्त गौरवलं जाणारं नाव म्हणजे 'व्हॅगाबॉन्ड'. "जगातली सर्वोत्तम मांगा", "आयुष्य बदलणारं पुस्तक" असं तिच्याबद्दल सर्रास बोललं जातं.

माझं मत थोडं वेगळं आहे. चित्रं म्हणून ती थोरच आहे. पण कथा म्हणून आणि जगण्याची शिकवण म्हणून तिला जेवढं डोक्यावर घेतलं जातं, तेवढी तिची योग्यता मला वाटत नाही. का, ते सांगते.

थोडी ओळख

ताकेहिको इनोउए हे तिचे चित्रकार आणि लेखक. बास्केटबॉलवरची 'स्लॅम डंक' संपवल्यावर त्यांनी १९९८ मध्ये 'मॉर्निंग' या साप्ताहिकात 'व्हॅगाबॉन्ड' सुरू केली. तिला २००० साली कोदान्शा पुरस्कार आणि २००२ साली तेझुका ओसामू पुरस्कार मिळाला. आजवर ३७ खंड निघालेत. कथेचा आधार आहे एइजी योशिकावा यांची 'मुसाशी' ही कादंबरी. ती १९३५ ते १९३९ या काळात 'असाही शिंबुन' या दैनिकात क्रमशः आली होती.

नायक मियामोटो मुसाशी हा खराखुरा माणूस. सुमारे १५८४ ते १६४५ हा त्याचा काळ. १६०० सालच्या सेकीगाहाराच्या लढाईत हरलेल्या बाजूचा एक सतरा वर्षांचा पोरगा प्रेतांच्या ढिगातून उठतो, इथून मांगा सुरू होते. त्याला 'अजिंक्य' व्हायचंय. म्हणजे नेमकं काय व्हायचंय, हाच या कथेचा प्रश्न.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही मालिका मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकात आली. तिच्यात रक्तपात आहे, शारीरिक संबंधांची दृश्यं आहेत. 'चित्रांचं पुस्तक आहे, म्हणजे लहानांचं' असं समजून ती पाचवी-सहावीच्या मुलाच्या हातात देऊ नका.

जे चांगलं आहे ते आधी

इनोउए यांचा हात विलक्षण आहे. पुढच्या खंडांत तर ते ब्रशने काम करतात. गवत, पाऊस, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरा, सगळं बघत राहावंसं वाटतं. सासाकी कोजिरो हा मुसाशीचा प्रतिस्पर्धी इथे ऐकू-बोलू न शकणारा दाखवलाय. हा बदल इनोउए यांचा स्वतःचा आणि तो उत्तम जमलाय. मुसाशीचा बालमित्र माताहाची खोटं बोलतो, पळून जातो, दुसऱ्याचं नाव लावून फिरतो, तरी आपला वाटतो. याचे पूर्ण मार्क द्यायलाच हवेत.

मग अडतं कुठे?

पहिली गोष्ट, उत्तर अपूर्ण आहे. प्रकृतीच्या कारणाने मालिका २०१० मध्ये थांबली, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१५ नंतर पुढे सरकलेलीच नाही. मुसाशी आणि कोजिरो यांचं गानर्यू बेटावरचं द्वंद्व १६१२ सालचं मानलं जातं. सगळी कथा त्या दिशेने चाललेली आणि तेच द्वंद्व मांगात येत नाही! कलावंत थकतो, आजारी पडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाहते म्हणतात, "अपूर्णता हेच तिचं सौंदर्य." हे मला पटत नाही. 'अजिंक्य म्हणजे काय' हा प्रश्न ३७ खंड विचारायचा, तर उत्तराची कसोटी त्या बेटावरच लागणार होती. ती लागलीच नाही. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणून आपण अर्ध्या सोडलेल्या उत्तराला पैकीच्या पैकी देतो का?

दुसरी गोष्ट, सांगणं एक आणि दाखवणं दुसरं. तलवारीने माणूस मोठा होत नाही, असं मालिका वारंवार सांगते. पण चित्रकाराने जीव ओतलाय तो तलवारीच्या वारावरच. योशिओका घराण्याच्या सत्तर जणांशी मुसाशी एकटा लढतो, तो भाग बघा. नंतर त्याला त्या हत्यांचा भार जाणवतो, हे खरं. पण वाचणाऱ्या पोराच्या मनात काय राहतं? पश्चात्ताप की तो वार? मुलं कशाचं चित्र वॉलपेपर म्हणून लावतात, ते बघा म्हणजे कळेल.

तिसरी गोष्ट, शहाणपण आयतं मिळतं. मुसाशी कुणाला तरी मारतो, अस्वस्थ होतो, इनेई किंवा सेकिशूसाई यांच्यासारखा वृद्ध गुरू दोन गूढ वाक्यं ऐकवतो, पुन्हा नवी लढाई. हे चक्र फार वेळा फिरतं. ती वाक्यं स्टेटसला ठेवायला छान असतात. पण सुविचार फळ्यावर लिहिला म्हणून तो वर्गाच्या अंगी लागत नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

योशिकावांच्या कादंबरीत ताकुआन हा भिक्षू मुसाशीला हिमेजीच्या किल्ल्यात पुस्तकांच्या सोबतीने तीन वर्षं कोंडून ठेवतो. दांडगट पोरगा माणसात येतो तो वाचनाने. मांगा ही वर्षं ओलांडून थेट क्योटोतल्या मारामारीवर उडी घेते. शिक्षक म्हणून मला हे वगळणं सगळ्यात जास्त खटकतं.

चौथी गोष्ट ओत्सूची. ती मुसाशीच्या गावातली अनाथ मुलगी. इतक्या खंडांत तिच्या वाट्याला येतं ते बहुतेक मुसाशीची वाट बघणं आणि त्याच्या मागे जाणं. तिला स्वतःला काय व्हायचंय, हे कोणी विचारतच नाही.

शेतीचे खंड

गंमत म्हणजे या मालिकेतला मला सर्वांत खरा वाटलेला भाग अनेक चाहत्यांना 'रटाळ' वाटतो. शेवटच्या खंडांत मुसाशी इओरी नावाच्या अनाथ मुलाबरोबर एका ओसाड गावात शेती करायला लागतो. जमीन त्याचं ऐकत नाही, पाणी त्याचं ऐकत नाही. पीक हातचं जातं, गाव उपाशी मरायला लागतं, तेव्हा हा अजिंक्य योद्धा धान्यासाठी दुसऱ्यापुढे मान झुकवतो. इथे गुरूचं वाक्य लागत नाही, माती शिकवते. ज्यांच्या घरी शेती आहे अशा आपल्या मुलांना हा भाग कुणी समजावून द्यायची गरज नाही. पूर्ण मालिका या तोलाची असती, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

आपण काय करायचं?

मोठ्या मुलांच्या हातात ही मालिका दिसली तर हिसकावून घेऊ नका आणि "वा, जागतिक दर्जाचं वाचतोस!" असंही म्हणू नका. शेजारी बसा, चार पानं स्वतः बघा आणि एवढंच विचारा :

१. यातलं तुला नेमकं काय आवडलं, चित्र की गोष्ट?
२. मुसाशी बदलला असं तुला कुठे वाटलं? ते कुणी सांगितलं म्हणून, की त्याच्या वागण्यातून दिसलं?
३. खरा मुसाशी कोण, कादंबरीतला कोण, मांगातला कोण?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. ओत्सू हे पात्र योशिकावांनी रचलेलं आहे. ताकुआन इतिहासात होऊन गेला, पण मुसाशीशी त्याची भेट झाल्याचा पुरावा नाही. खऱ्या मुसाशीने आयुष्याच्या अखेरीस 'गोरिन नो शो' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो युद्धविद्या समजावताना सुताराच्या कामाचा दाखला देतो. मुलं मात्र मांगातलं वाक्यच 'मुसाशी म्हणाला' म्हणून पुढे पाठवतात.

हजारो लोक ज्याला थोर म्हणतात, त्याबद्दल "मला हे एवढं पटलं नाही, कारण..." असं म्हणता येणं हे मोठं भाषिक कौशल्य आहे. त्यातल्या 'कारण' या शब्दानंतर मुलं काय लिहितात, तिकडे आपण लक्ष देऊया. तुमच्या मुलाने माझं मत खोडून काढलं, तरी चालेल. फक्त पुस्तकातला दाखला देऊन खोडावं.