विषाणूंची हजेरी आणि पारख

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत ब्लॅकबेरी या काळ्या, रसाळ फळाच्या मळ्यांत काही वर्षांपूर्वी एक विचित्र रोग दिसू लागला. पानांच्या शिरा पिवळ्या पडत आणि झुडपे खंगत जात. लक्षणे तंबाखूवरील ‘रिंगस्पॉट’ विषाणूसारखी, म्हणून प्रथम संशय त्याच्यावर गेला. परंतु अनेक रोगट झुडपांत तो आढळेचना. शोधाअंती एक सर्वस्वी अज्ञात विषाणू हाती लागला व २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. अपराधी सापडला असे वाटावे, तोच नवा पेच उभा राहिला. हा विषाणू एकटाच वस्तीला असेल तर झुडूप निरोगी दिसते! दुसऱ्या विषाणूंची त्याला साथ मिळाली म्हणजे रोग प्रकटतो. आणि हे साथीदार सर्वत्र सारखे नसतात.

विषाणू ओळखण्याची जुनी रीत संथ. स्ट्रॉबेरीच्या संशयित रोपाचे पान रानटी स्ट्रॉबेरीच्या संवेदनक्षम रोपावर कलम करावयाचे व आठवडेच्या आठवडे वाट पाहावयाची. आज पानातील सारी न्यूक्लिइक आम्ले यंत्राने एकदम वाचता येतात आणि कधी नाव न ऐकलेले विषाणूही उघडकीस येतात. मात्र यंत्राने दिलेला हा हजेरीपट आहे. वर्गात दंगा कोणी केला, हे त्यावरून कसे कळावे? विषाणूचा प्रसार मावा करतो की पांढरी माशी, कोणाच्या संगतीत तो उग्र होतो, हे रोपांवरच पडताळावे लागते. या कामास निधी देताना हात आखडता घेणे प्रस्तुत लेखकास आत्मघातकी वाटते.

प्रश्न परदेशापुरता नाही. २०१२ साली कॅनडातील नोव्हा स्कॉशियाहून अमेरिकेत गेलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांत दोन विषाणू एकत्र निघाले. दोन्ही पूर्वीच ज्ञात, एकेकटे जवळजवळ निरुपद्रवी. एकत्र आल्यावर मात्र रोपे खुजी राहिली. आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसाठीही मातृरोपे परदेशातून येतात. एका मातृरोपापासून अनेक रनर निघतात, आणि मातेच्या अंगी विषाणू असेल तर तो त्यांच्यातही उतरतो. रोप आयातीसाठी २००३ चा विलग्नवासाचा आदेश आहे. पण प्रत्येक नव्या नावाला भिऊन बंदी घालणे जितके अविचाराचे, तितकेच हिरव्यागार पानावर विसंबून रोप सोडणे. मातृरोपे वाढवण्यापूर्वीच ती यंत्राने तपासून, संशयितांचे कलम संवेदनक्षम रोपांवर लावून पाहणारी कायमस्वरूपी व्यवस्था वाई-महाबळेश्वरच्या परिसरातच असावयास हवी. तिचा खर्च चार-दोन एकरांच्या बागायतदारावर न टाकता सरकारने उचलावा.