स्वस्त कंत्राटाची किंमत कोण मोजतो?

वेठबिगारी म्हटले की वीटभट्टी, दगडखाण किंवा ऊसतोडणीचा फड डोळ्यांसमोर उभा राहतो. पर्वरी वा मडगाव येथील वीस-पंचवीस माणसांची साफसफाई कंपनी, हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री, गृहसंकुलांना सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी या चित्रात कोठेच नसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अन्य दोन संस्थांसह २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात ४ कोटी ९६ लाख लोक आधुनिक गुलामगिरीत अडकलेले होते आणि त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात होते. सक्तीचे श्रम जेथे आढळतात, त्या प्रमुख क्षेत्रांत सेवा क्षेत्राचाही समावेश होतो. पर्यटनावर आणि परप्रांतीय श्रमावर उभ्या असलेल्या गोव्याने या आकड्यांकडे परक्या देशाची बातमी म्हणून पाहणे परवडणारे नाही.

या गुलामगिरीत साखळदंड नसतात. हंगामापूर्वी गावाकडे मुकादमाने दिलेली उचल, ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून काढून घेतलेले आधार कार्ड, ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ म्हणून थकवलेला पगार आणि नोकरी सोडली तर डोक्यावरचे छप्परही जाईल ही भीती, एवढ्यावर माणूस बांधला जातो. उचल देणे हा गुन्हा नाही. ती फिटेपर्यंत काम सोडू न देणे हा गुन्हा आहे. वेठबिगार पद्धती उच्चाटनाचा १९७६चा कायदा असे कर्जच रद्द ठरवतो. शिवाय ते वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो कर्ज देणाऱ्यावर टाकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये या प्रश्नाला आणखी व्यापक अर्थ दिला. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या बांधकामांवर मजुराची रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती; त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापून घेत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होय. पोटाची निकड हीदेखील सक्तीच असते, हा त्यामागील विचार. पैसे जमादाराने कापले, आपण नव्हे, हा मुख्य मालकाचा बचाव तेथे टिकला नाही.

या निकालाची आठवण आज अधिक महत्त्वाची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर गेली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी ती पाचवरून दहा झाली. म्हणजे आठ-दहा सफाई कामगार पुरवणारा छोटा ठेकेदार परवान्याच्या चौकटीबाहेर राहतो. मात्र किमान वेतनाला अशी संख्येची अट नाही. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि मालकाने तो थकवल्यास आस्थापनेच्या मालकीच्या कंपनीवर जबाबदारी येते. तपासणीची शक्यता कमी झाली म्हणून लहान कंपनीचे उत्तरदायित्व कमी झालेले नाही.

शोषणाचा पहिला पुरावा बहुधा कामगाराच्या खोलीत नव्हे, तर कंपनीच्या स्वतःच्या दरपत्रकात सापडतो. उदाहरणादाखल किमान वेतन महिना १५ हजार रुपये धरले, तर भविष्य निर्वाह निधीचे प्रशासकीय शुल्कासह १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. कर्मचारी राज्य विम्याचे ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८. आणि किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये. हे कायदे लागू असलेल्या एजन्सीला माणशी खर्च १८,६८८ रुपयांच्या आसपास येतो. त्यात रजा, साप्ताहिक सुटीचा बदली कामगार आणि एजन्सीचा नफा धरलेलाच नाही. तरीही कोणी १६ हजारांत माणूस देऊ करत असेल, तर उरलेली रक्कम कोणाच्या तरी ताटातून जाते आणि ते ताट ठेकेदाराचे नसते. सर्वांत कमी दराची निविदा डोळे झाकून स्वीकारणारी कंपनी या हिशेबात नकळत भागीदार होते.

म्हणून प्रतिबंधाची सुरुवात भिंतीवर धोरण टांगण्याने नव्हे, तर दर ठरवण्याने व्हायला हवी. वेतन थेट कामगाराच्या बँक खात्यात जाते का, ते बँकेच्या नोंदीवरून पडताळावे. ठेकेदाराच्या सहीच्या कागदावर विसंबू नये. एटीएम कार्ड आणि ओळखपत्रे कामगाराकडेच आहेत ना, हे त्याला ठेकेदाराच्या गैरहजेरीत, त्याला समजेल अशा भाषेत विचारावे. काम मिळवून देण्याची दलाली कामगाराकडून घेतली जाणार नाही आणि काम परस्पर पोटठेकेदाराला दिले जाणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. राहण्याची खोली वर्षातून दोनदा तरी पाहावी. आणि एक अप्रिय गोष्ट: स्वतः एजन्सीचे बिल तीन-तीन महिने थकवणाऱ्या कंपनीला वेळेवर पगाराचा उपदेश करण्याचा अधिकार राहत नाही.

गैरप्रकार उघड झाल्यावर ठेकेदाराला एका रात्रीत काढून हात झटकणे, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक प्रतिक्रिया ठरते. त्यात कामगाराचा थकलेला पगारही बुडतो आणि निवाराही जातो. आधी थकबाकी मिळवून द्यावी आणि वेठबिगारीचा संशय असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १९७६च्या कायद्यानुसार कारवाईचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. मुक्त झालेल्या कामगारासाठी केंद्राच्या योजनेत तातडीच्या मदतीची आणि पुनर्वसनाची तरतूदही आहे.

ब्रिटनच्या २०१५च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंडांवरील उलाढालीच्या कंपन्यांना याबाबत दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. अशा कंपन्यांशी व्यवहार असलेल्या येथील व्यावसायिकांपुढे या विषयाची प्रश्नावली येऊ शकते आणि ‘होय’वर खूण करून ती परत पाठवता येते. त्या खुणेने कामगाराचे काही बदलत नाही. बड्या कंपनीला आपल्या पुरवठादाराचा कामगार कधी दिसत नाही. लहान कंपनीच्या मालकाला मात्र सकाळी दार उघडणारा रक्षक आणि फरशी पुसणारी बाई रोज समोर दिसतात. ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर म्हणूनच त्याच्या तोंडी सर्वांत कमी शोभते.