तिजोरीची किल्ली आणि भरलेली डिस्क

डिस्क भरली की प्रथम हात जातो तो पुसण्याकडे. युनिक्स कुळातील सर्व्हरवर ही घाई महाग पडते. तेथे ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत हे घडले. मुख्य सर्व्हरची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती नव्याने उभारण्यासाठी अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा दिली; प्रत्यक्षात ती चालली मुख्य सर्व्हरवर. क्षणभरात चूक ध्यानी आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. बॅकअप पाहावेत, तर ते कित्येक दिवस होतच नव्हते आणि तसे कळविणाऱ्या ई-मेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या! त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत अखेर उपयोगी पडली. मधल्या सहा तासांची नोंद मात्र गेली ती गेलीच. कंपनीने हा सारा जमाखर्च स्वतःहून जाहीर केला, हे व्यापाऱ्याच्या नजरेतून विशेष.

युनिक्समध्ये ‘रूट’ या खात्याला सर्व कुलुपे उघडतात. पेढीचा मालक तिजोरीची किल्ली दिवसभर गल्ल्यावर ठेवीत नाही. तसेच रोजचे काम साध्या खात्यावरून व्हावे आणि गरजेपुरती आज्ञा ‘सुडो’ने द्यावी. कोणी, केव्हा, काय केले याची नोंद त्यात राहते. रूटचा एकच पासवर्ड चौघांना ठाऊक असेल, तर चूक कोणाची हे कोणत्याच वहीत सापडत नाही.

जागा शोधण्याची रीतही हिशेबाचीच. कोणता विभाग भरला ते ‘डीएफ’ सांगते, कोणत्या डिरेक्टरीने किती जागा घेतली ते ‘डीयू’. पुष्कळदा दोषी निघतात त्या वाढत गेलेल्या लॉग फाइल. येथे एक गंमत आहे. चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर ती यादीतून जाते, पण जागा सुटत नाही. तो प्रोग्रॅम ती बंद करील तेव्हाच सुटते. नवख्याला वाटते, काहीच पुसले गेले नाही, आणि तो आणखी पुसत सुटतो. लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ रचनेत सर्वसाधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, ती याच अडचणीच्या वेळेसाठी.