घर-अंगण : लगोरीचा चेंडू



सात चपटे दगड आणि एक चेंडू. लगोरीला याहून जास्त काही लागत नाही. म्हणूनच सातारा-सांगलीकडची माणसे गिरणीत कामाला मुंबईला गेली, तेव्हा हा खेळही त्यांच्या पोरांबरोबर बिनतिकिटाचा गेला.

गावी चिंध्यांवर सुतळी गुंडाळून चेंडू करीत. मुंबईत रबरी चेंडू आला, आणि दगडांच्या जागी फुटक्या कौलांचे, फरशीचे तुकडे आले. १९२० नंतर सरकारने बांधलेल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींत आपली कितीतरी कुटुंबे राहिली. खोली अवघी १६० चौरस फुटांची! पोरांनी बसायचे कुठे? दोन चाळींमधली मोकळी जागा हेच त्यांचे अंगण. कोकणातली पोरे याच खेळाला लिंगोरच्या म्हणत. आधी नियमांवरून भांडण, मग तडजोड, मग डाव. असा हा खेळ शहरात रुजला.

पण यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. लगोरीत पळणाऱ्याला चेंडू मारून बाद करतात. एकाच्या हातातला चेंडू दुसऱ्याच्या पाठीत बसतो, तिसरा तो उचलतो. गावातल्या शिवाशिवीला हे कसे चालणार? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. पुण्यात पालवणकर बाळूंची गोलंदाजी चाले, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू चालला, कप चालला नाही!

चाळीच्या अंगणात पोरांनी ही शिवाशिव मोडली. मात्र मोठ्यांच्या मनातून ती गेली नाही. जानेवारी १९७४ मध्ये त्याच वरळीच्या चाळींत दंगल पेटली. त्या दिवसांत पँथर भागवत जाधव यांचा बळी गेला. घरात जात शिकवली जात असेल, तर अंगणातला खेळ एकटा काय करणार?

आता त्या चाळी पडत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना उंच इमारतीत घराच्या चाव्या मिळाल्या. हक्काचे, मोठे घर मिळाले, आनंदच आहे. पण पोरांना अंगण उरेल ना, हेही विचारले पाहिजे. आपल्याकडे सातारा-सांगलीतही गल्लीतली मोकळी जागा गाड्यांनी भरली आहे.

म्हणून एक सुचवते. रविवारी वंदना झाली की विहाराच्या अंगणात सात दगड मांडा. मुलींना भांडी घासायला मागे ठेवू नका, त्यांनाही डावात घ्या. आणि शेजारच्या सगळ्या समाजांची पोरे बोलवा. खेळून दमली की सर्वांना एकाच माठातले पाणी द्या.

जय भीम!