तिलावतीचा आवाज कोणत्या खोलीत?

घर बांधायला काढले की लाईटचे पॉइंट, पंख्याचे हुक, इन्व्हर्टरची लाईन यांची यादी होते. स्पीकरची आठवण मात्र रंगकाम झाल्यावर येते. फजरनंतरची तिलावत दादीच्या खोलीत ऐकू जावी, जुम्याचे बयान स्वयंपाकघरात ऐकता यावे, म्हणून नव्या भिंतीवरून तार ओढली जाते. ती दाराच्या फटीत चेमटते आणि थोड्या दिवसांत एक स्पीकर मुका होतो.

एका खोलीपुरते ऐकायचे असेल तर ब्लूटूथचा डबा पुरे, त्यासाठी भिंत फोडू नका. पण तीन-चार खोल्या असतील, किंवा कमी ऐकू येणारे वडीलधारे असतील, तर तार कामाची आहे. बैठकीतला आवाज चढवण्याऐवजी स्पीकरच त्यांच्या पलंगाजवळ नेता येतो.

मात्र सगळ्या खोल्या एकाच तारेवर जोडू नका. सूरह आराफमध्ये कुरआन वाचला जात असताना लक्ष देऊन ऐकण्याचा आणि शांत राहण्याचा हुकूम आहे. रेकॉर्डिंगला तो कितपत लागू होतो ते उलमांना विचारावे. पण एकीकडे तिलावत चालू आणि त्याच खोलीत गप्पा, भांड्यांचा आवाज, मुलांचे भांडण, हे कुणालाच बरे वाटत नाही. म्हणून प्रत्येक खोलीची तार स्वतंत्र आणि तिचे बटण त्याच खोलीत. ऐकणारे उठले की बंद. न्हाणीघराच्या दारासमोर स्पीकर नकोच.

स्वतंत्र तारेला दुसरे कारणही आहे. 8 ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले तर एम्प्लिफायरला भार 2 ओहमचा दिसतो. घरगुती एम्प्लिफायरमागे बहुधा 4 ते 8 ओहम लिहिलेले असते, त्याखाली गेल्यास तो तापतो, जळतोही. जास्त खोल्यांसाठी वेगळा सिलेक्टर घ्यावा. मशिदीतली व्यवस्था पाहून तशीच घरी करू नका. तिथे बहुधा 100 व्होल्टची लाईन असते आणि प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर. घरातला स्पीकर त्या लाईनवर थेट लावला तर जळेल.

आता पाईप. सळई बांधून पंख्याचे डबे बसले की त्याच वेळी स्पीकरसाठी वेगळा पीव्हीसी पाईप टाकून घ्या. आत एक ओढतार ठेवा आणि तोंडे चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर सिमेंटचे पाणी आत जाऊन गोठते. मिस्त्री म्हणतील, लाईटच्या पाईपातूनच नेऊ, वेगळा खर्च कशाला? इथे ऐकू नका. लाईटच्या वायरीचे आवरण घासले तर 230 व्होल्ट स्पीकरच्या तारेत उतरतात आणि तिथून एम्प्लिफायरपर्यंत, ज्याला घरातले मूल हात लावते. शिवाय स्पीकरमधून गुणगुण ऐकू येण्याची शक्यता असते ती वेगळीच. दोन पाईपांत फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा. स्लॅब झाल्यावर बीम, कॉलम किंवा स्लॅबमध्ये झिरी पाडू देऊ नका.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. प्लास्टरमध्ये नुसती दाबलेली तार अशा तड्यात ताणली जाऊन तुटते, पाईपातली मोकळी तार टिकते. माळवदाच्या जुन्या घरात लाकडी तुळ्यांवरून उघडी तार नेली की उंदीर ती कुरतडतात. तिथे भिंतीवरून पट्टी फिटिंग बरी. दिसायला साधी, पण दुरुस्तीला सोपी.

तार 1.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची घ्या. 15 मीटरवरच्या स्पीकरला जाऊन-येऊन 30 मीटर तार लागते, तिचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी भरतो. स्वस्त तारेत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच टोक खरवडून पाहा, आत पांढरे दिसले तर परत करा.

आणि काँक्रीट ओतण्याआधी, टेप लावून, सगळ्या पाईपांचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. पुढे पीओपी करताना ड्रिल कुठे मारायचे नाही ते त्यावरूनच कळेल.