रात्रपाळीला कोण आहे, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मनोरुग्णालयांतल्या परिचारिकांच्या रिक्त पदांबद्दल आम्ही परिचारिकांनी दिलेली निवेदनं आपल्या कार्यालयात पडून आहेत. काही आपल्या काळातली, काही आपल्या आधीच्या मंत्र्यांच्या काळातली. प्रत्येकावर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पार्श्वभूमी आपल्या फाइलमध्ये आहे, ती इथे उगाळत बसत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधलं कलम ९७ काढून पाहावं. रुग्णाला केव्हा बांधता येतं, हे तिथे लिहिलं आहे. त्याला किंवा दुसऱ्या कुणाला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि ती टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग नसेल, तेव्हाच. त्यालाही मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी, केसपेपरवर नोंद हवी, बांधलेल्या रुग्णावर सतत लक्ष हवं, चोवीस तासांत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायला हवं. त्याच कलमात असंही स्पष्ट म्हटलं आहे की कर्मचारी कमी आहेत, एवढ्या कारणावरून कुणालाही बांधता येणार नाही. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

ज्यांनी तुटवड्याबद्दलची ही अट घातली त्यांना वॉर्ड ठाऊक होता. माझी सगळी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डांत गेली, शेवटची वर्षं परिसेविका म्हणून. मी पाहिलेल्या बांधलेल्या मनगटांपैकी बहुतेक मनगटं आजारामुळे बांधलेली नव्हती. पन्नास-साठ रुग्णांच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी असतात. एक बाई भिंतीवर डोकं आपटतेय, दुसरीला फिट आली आहे, तिसरी बाई नुकतीच पोलिसांनी आणून सोडली आहे आणि ती कुणाला जवळ येऊ देत नाही. तिघींपैकी कुणाजवळ थांबायचं? जिच्याजवळ थांबता येणार नाही, तिच्या हाताला बँडेजची पट्टी बांधली जाते. ती पट्टी सिस्टर बांधते. तिला ती बांधायला लावतं ते रिकामं पद.

आणि शिक्षा कुणाला? याच कायद्याच्या कलम १०८ नुसार पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पुन्हा घडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वॉर्डात काही वाईट घडलं की खात्याची चौकशी लागते ती ड्यूटीवरच्या सिस्टरवर. खुलासा तिच्याकडून मागवला जातो, वेतनवाढ तिची रोखली जाते. वर्षानुवर्षं पद रिकामं ठेवणाऱ्या टेबलावरून खुलासा मागवल्याचं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

आता आकडे. पुणे येरवडा २,५४० खाटा, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटांची बेरीज ५,६९५ होते. ही संख्या प्रत्येक अहवालात सापडते. जालन्याला आणखी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं तेव्हाही खाटांचीच संख्या सांगितली गेली. त्या खाटांशेजारी सकाळी, दुपारी आणि रात्री प्रत्यक्ष किती परिचारिका उभ्या असतात, हा आकडा आपण कधी मागवला आहे का? मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एवढं खातं सांगतं. भरलेल्यांतल्या किती जणी प्रतिनियुक्तीवर बाहेर आहेत, किती जणी रजेवर आहेत, किती जणींना कार्यालयीन काम दिलं आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. रुग्णाला मात्र जी समोर आहे तीच मिळते.

सकाळची पाळी आठ ते दोन, म्हणजे ३६० मिनिटं. पन्नास रुग्णांमागे एक सिस्टर धरली तर माणशी सात मिनिटं येतात. त्यातून हँडओव्हर, औषधवाटप, डाएटची संख्या कळवणं, इंडेंट, न्यायालयाचे आणि पोलिसांचे कागद, रक्ताचे नमुने पाठवणं, राउंड आणि रजिस्टरं वजा करा. जे उरतं त्यात रुग्णाशी बोलायचं असतं. मनोरुग्णाच्या परिचर्येत बोलणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे, सवडीने करायचं काम नाही ते.

या सात मिनिटांत काय काय पाहायचं असतं, तेही सांगते, कारण मंत्रालयात अजूनही असा समज दिसतो की मनोरुग्णालयात नर्सला गोळ्या वाटण्यापलीकडे काम नसतं. लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल अडखळली, तर औषध अंगात साठून विषारी पातळीला गेलं असण्याची शक्यता असते. ते त्याच दिवशी ओळखावं लागतं. क्लोझापिन चालू असलेल्याला ताप आला, घसा दुखू लागला, तर पांढऱ्या पेशी तपासायला तातडीने रक्त पाठवावं लागतं. याच औषधाने होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो, म्हणून पोट साफ होतं की नाही हेही रोज विचारावं लागतं. मनोविकाराच्या औषधांवर असलेल्या एखाद्याला तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखं ताठरलं, तर ती आणीबाणी असते. औषधांनी गिळण्याची क्रिया मंदावते आणि जेवताना घास अडकून माणूस गुदमरतो, म्हणून जेवणाच्या वेळी कुणीतरी शेजारी असावं लागतं. गोळी जिभेखाली दाबून ठेवणारा साठवत तर नाही ना, हे पाहावं लागतं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा गप्प होतो, अचानक शांत आणि बरा वाटू लागतो, तेव्हा जास्त जवळ राहावं लागतं. यातलं एकही काम सीसीटीव्ही करत नाही. १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावरही यातलं काही होत नाही. ती सेवा चांगली आहे, घरी बसलेल्या घाबरलेल्या माणसाला तिचा आधार आहे, पण ती वॉर्डातल्या रुग्णाच्या तोंडातला अडकलेला घास काढू शकत नाही.

हे शिकलेली नर्स वेगळी असते. मनोरुग्ण परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, भारतीय परिचर्या परिषदेची त्याला मान्यता आहे. ब्रिटनमध्ये तर मानसिक आरोग्य परिचर्या ही शिक्षणाच्या सुरुवातीपासून वेगळी शाखा आहे आणि तिची नोंदणीही वेगळी होते. आपल्या २०१७ च्या कायद्यात ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ची व्याख्या मात्र इतकी सैल आहे की सर्वसाधारण नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेली नोंदणीकृत परिचारिकाही तीत बसते. त्यामुळे कालपर्यंत प्रसूतिकक्षात असलेली मुलगी आज बदलीवर आमच्याकडे आली की कागदावर ती मानसिक आरोग्य परिचारिका होते. त्या मुलीचा यात दोष नाही. ती घाबरलेली असते, तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ती शिकून तयार होते तेव्हा तिची बदली होते. पदविका केलेली परिचारिका शल्यक्रिया विभागात आणि शल्यक्रिया विभागातली मनोरुग्णालयात, अशा बदल्या आपल्याच खात्याच्या सहीने झालेल्या मी पाहिल्या आहेत. हा पैशांचा प्रश्न नव्हता. एक फाइल नीट वाचली असती तर ते टळलं असतं.

मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेरची परिस्थिती अधिक वाईट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सातहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड अभ्यासाने हे प्रमाण ७.४ टक्के आणि रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख सांगितली, त्यातही बायकांमध्ये प्रमाण जास्त. हे रुग्ण मनोरुग्णालयात येत नाहीत. ते पडतात, खुब्याचं हाड मोडतं, न्यूमोनिया होतो आणि जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग किंवा मेडिसिन वॉर्डात दाखल होतात. ओळखीच्या एका कुटुंबाने मला अशाच एका रुग्णालयात बोलावलं होतं. आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रात्री त्या ओरडत होत्या, सलाईन उपसत होत्या, म्हणून दोन्ही हात खाटेला बांधले होते. वर गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं, सकाळी त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. त्यांचं पोट तीन दिवस साफ झालं नव्हतं, लघवी तुंबली होती, चष्मा पिशवीत होता आणि कानाचं यंत्र घरी राहिलं होतं. वेदनाशामकाचा डोस चुकला होता. सगळे म्हणत होते, म्हातारीला वेड लागलं.

त्याला डिलिरियम म्हणतात. तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात चढतो-उतरतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे संसर्ग, पाण्याची कमतरता, वेदना, तुंबलेली लघवी किंवा एखादं औषध असतं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तो लवकर गाठतो. बांधलं की तो वाढतो. बांधलेल्या माणसाला शय्याव्रण होतात, फुप्फुसात कफ साठतो. चष्मा लावणं, पाणी पाजणं, नातेवाइकाला शेजारी बसू देणं, रात्री दिवा मंद ठेवणं आणि दिवसा बसतं करणं, ही यावरची परिचर्या आहे. तिला यंत्र लागत नाही, माणूस लागतो आणि त्या माणसाला थोडं शिकवावं लागतं. राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांच्या परिचारिकांना हे शिकवण्याची मागणी आमच्या निवेदनात होती. तिचं काय झालं?

हे आपल्याकडे जमणार नाही, असं कुणी सांगत असेल तर शेजारी गोव्यात काय झालं ते पाहावं. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या ८१ कुटुंबांबरोबर तिथे एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, रुग्णाच्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते घरच्यांना शिकवत, आणि त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ उभे असत. सांभाळणाऱ्यांच्या मनःस्थितीत फरक पडला. आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिकेचं पद आधीपासून आहे. तिला घरोघरी पाठवण्याऐवजी ओपीडीत चिठ्ठ्या लिहायला बसवलं जातं.

दुर्लक्षाची किंमत देशाने पाहिली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एर्वाडीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या ४६ सरकारी मनोरुग्णालयांना नोटिसा दिल्या, डॉक्टरांचा आणि कर्मचाऱ्यांचा तुटवडा हे त्यातलं एक कारण होतं. आपलं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण नीट चालावं म्हणूनही मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. प्रत्येक वेळी न्यायालयाने किंवा आयोगाने खडसावल्यावरच खातं हलणार असेल, तर मंत्री कशाला हवा, हा प्रश्न मी आपल्याला विचारते आहे आणि मला त्याचं उत्तर हवं आहे.

आमच्या मागण्या नव्या नाहीत. चारही मनोरुग्णालयांत पाळीनुसार, वॉर्डनुसार हजर परिचारिकांची आणि रुग्णांची संख्या दर महिन्याला जाहीर करा. कलम ९७ प्रमाणे प्रत्येक बांधणीची नोंद मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दरमहा जायला हवी. ते अहवाल रुग्णांची नावं झाकून लोकांसमोर ठेवा, आणि प्रत्येक बांधणीसमोर त्या क्षणी ड्यूटीवर किती परिचारिका होत्या हेही लिहा. मनोरुग्ण परिचर्येची पदविका घेतलेल्या परिचारिकांच्या इतर विभागांत होणाऱ्या बदल्या आजच थांबवा. जिल्हा रुग्णालयांत डिलिरियम आणि स्मृतिभ्रंशाच्या परिचर्येचं प्रशिक्षण सुरू करा. शिकवायला आम्ही निवृत्त झालेल्या पुष्कळ जणी येऊ, मानधन मिळो न मिळो.

आणि पदं भरा. कायद्याच्या कलम ३१ नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांची आंतरराष्ट्रीय निकषांइतकी संख्या गाठण्यासाठी शासनाने दहा वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. ती मुदत २९ मे २०२८ रोजी संपते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका