आतड्यातील रयत आणि शरीराचा पहारा

चोपड्यासारख्या गावात एखाद्या घरी कर्करोगाचा संशय उद्भवला, की जळगावच्या रुग्णालयाची वाट धरण्यापूर्वी त्या घराच्या ओट्यावर आप्तेष्टांची एक पंचायत भरते, आणि तीत एक सिद्धान्त इतक्या ठामपणे मांडला जातो, की त्याचा प्रतिवाद करण्याचे धैर्य शिकलेल्या माणसालाही सहसा होत नाही. तो सिद्धान्त असा : सर्व रोगांचे मूळ पोटात, आतड्यात साचलेला मळ कुजतो, त्याचे विष रक्तात उतरते, विषाची गाठ होते, म्हणून पोट साफ करावे, गाठ आपोआप विरेल. माझ्या एका आप्तांना शौचावाटे रक्त पडू लागले, तेव्हा याच सिद्धान्ताच्या आधारे त्यांना चार महिने रेचके आणि काढे देण्यात आले आणि दुर्बिणीची तपासणी लांबणीवर पडत गेली. तपासणी झाली तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोहोचली होती. ज्या मताची किंमत अशी माणसाच्या आयुष्याने मोजावी लागते, त्याची रुजुवात उघडपणे झालीच पाहिजे.

या मतावर अडाणीपणाचा शिक्का मारून मोकळे होणे मात्र न्यायाचे नाही, कारण एकेकाळी युरोपातील थोर थोर पंडितांनी तेच मत शिरोधार्य मानले होते. इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा रुतवून, त्याच्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी पाहिल्या आणि शरीर आपले रक्षण कसे करते याचा पहिला धडा जगाला दिला. त्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. त्यांचेच शिष्य वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईस आले आणि परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे, तिचा पाया त्यांनी घातला. पण याच मेचनिकॉफ यांनी मोठे आतडे हे सडणाऱ्या जिवाणूंचे आगर असून तेच वार्धक्याचे कारण आहे असे प्रतिपादन केले, आणि लंडनच्या आर्बुथनॉट लेन या शस्त्रवैद्याने तर रोग्यांची धडधाकट मोठी आतडी कापून काढण्यापर्यंत मजल गाठली. आमच्या ओट्यावरची रेचके त्याच चुकीची दूरची नातलग आहेत. आतड्यातील जिवाणूंचा आरोग्याशी संबंध आहे, हे मेचनिकॉफ यांचे म्हणणे खरे ठरले. ती सारी वस्ती शत्रूची आहे, हे मात्र खोटे ठरले.

आता दुसरा पक्ष घेऊ. तो शिकलेल्यांचा आहे आणि म्हणून अधिक आत्मविश्वासाने बोलतो : गाठ फुप्फुसात, जिवाणू आतड्यात, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? रोग्याला औषध द्यावे, बाकी त्याने भाकरी खावी की पाव, हा घरगुती प्रश्न आहे. हे मत तीस वर्षांपूर्वी क्षम्य होते, आज नाही. आतड्याच्या अस्तरालगत शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा तळ असतो, आणि तेथेच त्या पेशींची जन्मभर तालीम चालते : कोणाला रयत समजून नांदू द्यावे, कोणाला दरोडेखोर समजून पकडावे, हा विवेक त्यांना तेथील जिवाणूंच्या नित्य सहवासातून लाभतो, आणि तेथे तयार झालेल्या पेशी रक्ताबरोबर सर्व शरीरभर हिंडतात. शिवाय जिवाणूंपैकी काही खरोखरच गुन्हेगार आहेत. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी याला जागतिक आरोग्य संघटनेच्या लिआँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात दाखल केले, आणि मोठ्या आतड्यातील ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे जे द्रव्य निर्माण करतात, त्याच्या जखमेच्या खुणा कर्कपेशींच्या जनुकांत ओळखता येतात.

परंतु संबंधाचा सर्वात स्पष्ट दाखला मिळाला तो उपचारातून. गाठीच्या पेशी आपल्यावर चालून येणाऱ्या टी-पेशींना जणू एक मनाईहुकूम दाखवतात, आणि पहारेकरी हत्यार खाली ठेवतो. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांनी हे हुकूम रद्द करण्याची युक्ती शोधली, तिला २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हुकूम रद्द होऊनही कित्येक रोग्यांचे पहारेकरी जागचे हलत नाहीत. त्याच २०१८ साली पॅरिस, ह्यूस्टन आणि शिकागो येथील तीन संशोधकगटांनी दाखवून दिले, की ज्यांना या युक्तीवर आधारलेल्या औषधाचा गुण येतो आणि ज्यांना येत नाही, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची वस्तीच निराळी असते. आणि उपचाराच्या सुमारास ज्यांना प्रतिजैविके द्यावी लागली, त्यांना गुण कमी आला. २०२१ मध्ये पिट्सबर्ग येथे, गुण आलेल्या रोग्यांचे मलजिवाणू गुण न आलेल्या १५ मेलानोमाग्रस्तांच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या रोग्यांच्या, आतड्यात रुजवून तेच औषध पुन्हा दिले, तेव्हा त्यांपैकी ६ जणांना उपयोग झाला. सहा ही संख्या लहान आहे खरी, पण त्याच औषधाने पूर्वी यांच्यापैकी एकाचाही रोग हटला नव्हता.

आणि हा प्रश्न आता परदेशचा राहिलेला नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तोंडाच्या व घशाच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब हे याच युक्तीचे औषध तीन आठवड्यांतून एकदा केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, इतर साध्या गोळ्यांच्या जोडीने दिले, आणि एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. जे औषध धनिकांचे होते, ते खानदेशातल्या कास्तकाराच्या आवाक्याकडे सरकू लागले. आणि ज्या क्षणी ते त्याच्या शिरेत शिरते, त्या क्षणी त्याच्या आतड्यातील रयतेचा प्रश्न हा त्याच्या उपचाराचाच प्रश्न होतो. तंबाखूने जडलेला हा रोग ताकाच्या पेल्याने टळला असता, असे कोणी यातून काढू नये. तंबाखूला तंबाखू सोडणे हाच उतारा आहे.

राहिला तिसरा पक्ष, कॅप्सूल विकणारांचा. माणसाच्या अंगात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असे त्यांच्या पत्रकांत छापलेले असते. तो जुना अंदाज २०१६ च्या फेरमोजणीत टिकला नाही. जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि पेशी सुमारे ३० लाख कोटी, असा हिशेब निघाला. परंतु आकड्यापेक्षा त्यांचा दावा अधिक घातक आहे. दोन-चार जातींचे जिवाणू बाहेरून गिळल्याने शेकडो जातींची वस्ती सुधारते, हे सिद्ध झालेले नाही. उलट ह्यूस्टनच्या १२८ मेलानोमाग्रस्तांच्या निरीक्षणात, ज्यांच्या आहारात चोथा पुरेसा होता आणि जे अशा कॅप्सूल घेत नव्हते, त्यांची स्थिती सर्वात चांगली राहिली. रोज ५ ग्रॅम चोथा वाढला, की रोग बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. हे निरीक्षण आहे, अंतिम निवाडा नव्हे. पण त्याची दिशा आमच्या चुलीकडे आहे. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, दादर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तूर आणि मठ : या अन्नातील जो भाग आपल्याला पचत नाही, तोच आतड्यातील जिवाणूंचा शिधा असतो, आणि त्यापासून ते ब्युटिरेटसारखी जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि पहाऱ्याच्या पेशींना शिस्त लागते. पुण्याच्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य नोंदवले आहे. धान्य-कडधान्याच्या चोथ्यावर जगणारी ती वस्ती आहे. मैद्याचा पाव आणि पुडीतला खाऊ सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत पोहोचला असताना, ही वस्ती आपल्या मुलांच्या पोटात टिकावी असे मला मनापासून वाटते, आणि साध्या सर्दीला प्रतिजैविकाची गोळी मागण्याची आमच्याकडची सवय त्या वस्तीवर नांगर फिरवते, याचे मला दुःख होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की भाकरीची जागा उपचाराच्या शेजारी आहे, उपचाराच्या आसनावर नाही. मुंबईस जाऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या आमच्याकडच्या बाया सोबत कळण्याचे पीठ बांधून नेतात. त्यांनी ते अवश्य न्यावे. मात्र आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ चोथा वर्ज्य असतो, आणि पांढऱ्या पेशी उतरल्या असता घरचे विरजलेले दहीही डॉक्टर मना करू शकतात, तेव्हा पहिली भाकरी थापण्यापूर्वी वॉर्डातील डॉक्टरांना विचारावे. आणि गाठोड्यात पिठाच्या अगोदर बायॉप्सीचा अहवाल, काचपट्ट्या आणि औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, रेचकांच्या आणि काढ्यांच्या सुद्धा.